पेनाच्या चार खुणा आणि निसटलेली कीड

बाईंनी मोठ्या पाकिटातून ओपीजीची, म्हणजे सगळा जबडा एका चित्रात दाखवणाऱ्या एक्स-रेची, फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. त्यावर कुणीतरी निळ्या पेनाने चार गोल केले होते. "चार दातांत कीड आहे, चारही भरून घ्या असं सांगितलंय. पण डॉक्टर, मला त्रास होतो तो इथे," असं म्हणून त्यांनी बोट डावीकडे, वरच्या दाढेवर ठेवलं. तिथे एकही गोल नव्हता.

सातारा जिल्ह्यातल्या माझ्या दवाखान्यातलं हे प्रकरण आहे. बाईंच्या परवानगीने, त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळून लिहिते आहे. लिहावंसं वाटलं, कारण एकाच तोंडाचे चार प्रकारचे एक्स-रे माझ्यासमोर एकाच आठवड्यात आले आणि चौघांनी चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या. त्यांतली कुठली ऐकायची हे ठरवताना मीही एकदा चुकले.

बाई 38 वर्षांच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. मधुमेह नाही, कुठलं औषध चालू नाही. गेले तीन महिने डावीकडच्या वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढच्या फटीत मेथीचे धागे, मटणाचे रेषे अडकत होते. गार पाणी लागलं की सणक यायची आणि दोन-तीन सेकंदांत जायची. रात्रीचा ठणका नव्हता, चावताना दुखत नव्हतं. डावीकडची खालची पहिली दाढ आठ वर्षांपूर्वी काढलेली. तिथे इम्प्लांट बसवायचा विचार होता, म्हणून खालच्या जबड्याचा सीबीसीटी, म्हणजे त्रिमिती एक्स-रे, स्कॅनही केलेला होता. उजवीकडच्या खालच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनाल होऊन त्यावर धातूची कॅप होती.

पुढचं समजायला दातांचे क्रमांक लागतील. आम्ही दोन आकडे वापरतो. पहिला आकडा तोंडाचा चतुर्थांश सांगतो: वर उजवीकडे 1, वर डावीकडे 2, खाली डावीकडे 3, खाली उजवीकडे 4. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मागे मोजायचा. म्हणजे बाईंची त्रासाची दाढ 26, तिच्या पुढची उपदाढ 25, काढलेली दाढ 36 आणि कॅपवाली 46.

ओपीजीवरचे गोल होते 14 च्या मागच्या कडेवर, 15 च्या पुढच्या कडेवर, 24 च्या मानेपाशी आणि 45 च्या मागच्या कडेवर. शेवटच्या गोलाला सीबीसीटीच्या रिपोर्टचाही दुजोरा होता. 45 च्या मागच्या बाजूला घनता कमी दिसते, कीड असू शकते, असं त्यात लिहिलं होतं.

आधी दात पाहिले

खुर्चीवर घेऊन दात स्वच्छ केले, हवेने कोरडे केले. ओल्या दातावर सुरुवातीची कीड दिसत नाही. लाळेचा थर गेला की तिचा खडूसारखा पांढरा डाग उठून दिसतो. 14 आणि 15 च्या मध्ये फ्लॉस (फटी साफ करायचा धागा) टक्कन आत गेला आणि अखंड बाहेर आला. 24 च्या मानेवर गोल टोकाचं साधन फिरवलं, काचेवर फिरल्यासारखं गुळगुळीत. 45 च्या मागेही तसंच.

25 आणि 26 च्या मध्ये मात्र फ्लॉस पिंजून बाहेर आला आणि त्याला वास होता. 26 च्या पुढच्या कडेखाली, टाळूच्या बाजूने पाहिल्यावर एनॅमलमधून, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरातून, करडी झाक दिसत होती. खुर्चीचा मोठा दिवा बंद केला आणि बारीक एलईडीचा प्रकाश गालाच्या बाजूने फटीतून आरपार सोडला. झाकेच्या जागी स्पष्ट काळसर सावली पडली. ही तपासणी फुकटची आहे, किरणोत्सर्ग शून्य, आणि दोन मिनिटांत होते. टोकदार साधन खुपसून कीड आहे का ते बघायची जुनी पद्धत मी सोडली आहे. कमकुवत झालेला पण अजून न फुटलेला पृष्ठभाग त्या टोकाने फुटू शकतो, आणि मग न भरता वाचला असता तो दात भरावाच लागतो.

संशय पक्का होता. कीड किती खोल आहे ते कळायला एक्स-रे हवा होता. हातात दोन होते, दोन्हींत ही जागा नव्हती. सीबीसीटी फक्त खालच्या जबड्याचा होता आणि ओपीजीत 25 आणि 26 एकमेकांवर चढलेले दिसत होते.

ओपीजी इथे कमी का पडतो

ओपीजी हे वाईट साधन नाही. अक्कलदाढ कुठे अडकली आहे, जबड्यात गाठ आहे का, हाड मोडलं आहे का, मुलाचे पक्के दात येत आहेत का, हे एका फेरीत दाखवणारं दुसरं सोपं साधन नाही. फिनलंडमध्ये यर्यो पाटेरो यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर ही पद्धत घडवली ती सगळा जबडा एका चित्रात यावा म्हणून. एका बाजूने किरणांचा स्रोत आणि समोरून ग्राहक डोक्याभोवती फिरतात आणि मधला ठरावीक जाडीचा पट्टा तेवढा स्पष्ट येतो, बाकी धूसर होतं.

दोन दातांच्या मधली कीड शोधताना नेमकी हीच रचना आडवी येते. दोन शेजारी दात जिथे टेकतात तिथून किरण सरळ आरपार गेले तरच फट उघडी दिसते. ओपीजीत किरणांची दिशा यंत्राच्या फिरण्याने ठरते, आपल्या हातात नसते, आणि उपदाढांपाशी ती हमखास तिरकी पडते. मग एका दाताची कड दुसऱ्यावर चढते. शिवाय चित्राची बारीकी कमी. ओपीजीत एका मिलिमीटरमध्ये काळ्या-पांढऱ्या रेघांच्या साधारण पाच जोड्या वेगळ्या ओळखू येतात, तोंडात ठेवून काढलेल्या एक्स-रेत त्याहून बऱ्याच जास्त. दोन दात टेकतात तिथे एनॅमलची जाडी एक-दीड मिलिमीटर. त्याच्या निम्म्या जाडीतली कीड ओपीजीत शोधणं म्हणजे दुरून घेतलेल्या वर्गाच्या फोटोत एका मुलाच्या शर्टाचं बटण शोधणं.

आता 14 आणि 15 वरचे गोल. तिथे दोन्ही दातांचं एनॅमल एकावर एक चढून पांढरा पट्टा झाला होता आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना काळी रेघ दिसत होती. ती रेघ फिल्मवर नसते, आपल्या डोळ्यांत तयार होते. गडद आणि फिकट भाग शेजारी आले की डोळा त्यांच्या सीमेवरचा फरक वाढवून दाखवतो. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांच्या नावाने हा भास ओळखला जातो. पडताळा सोपा आहे. पांढरा पट्टा कागदाच्या तुकड्याने झाका. रेघ विरली तर ती भास होती, टिकली तर पुढे तपासा. बाईंच्या फिल्मवर कागद ठेवला आणि दोन्ही रेघा विरल्या.

24 ची गोष्ट वेगळी. दाताच्या मानेवर एका बाजूने एनॅमलची टोपी संपते आणि दुसऱ्या बाजूने हाडाची कड अजून सुरू झालेली नसते. मधल्या अरुंद पट्ट्यात किरणांना अडवणारं कमी असतं, म्हणून तो भाग काळा येतो. याला आम्ही सर्व्हायकल बर्नआउट म्हणतो. नवख्या डोळ्याला ती हुबेहूब मुळाची कीड वाटते. किरणांचा कोन बदलला की बर्नआउटचा आकार बदलतो किंवा तो नाहीसाच होतो. कीड मात्र तिथेच राहते.

सीबीसीटीचा दुजोरा

45 बद्दल मला खरी काळजी वाटली, कारण दोन वेगवेगळी साधनं एकच सांगत होती. शिवाय त्रिमिती स्कॅन म्हटल्यावर तो साध्या एक्स-रेपेक्षा सगळ्याच बाबतींत सरस असणार असं रुग्णालाच नाही, आमच्यातल्या अनेकांनाही वाटतं.

स्कॅन सेंटरकडून सगळी माहिती सीडीवर मागवली आणि स्वतः उघडली. 46 वर धातूची कॅप. किरण धातूतून जाताना त्यांतले कमी ऊर्जेचे किरण शोषले जातात, उरतात ते जास्त भेदक. संगणक हिशेब करताना धरून चालतो की किरणांचा दर्जा सगळीकडे सारखा आहे. म्हणून धातूच्या आजूबाजूला, त्याच आडव्या पातळीत, जे फार किरण येऊ देतं असं त्याला दिसतं ते तो पोकळ समजून काळं रंगवतो. 45 ची मागची कड कॅपच्या अगदी शेजारी आणि त्याच पातळीत होती. काप एकेक करून वर-खाली सरकवले तेव्हा काळी छटा कॅपच्या उंचीपुरतीच होती. कॅपची कड संपली तिथे तीही संपली. शिवाय ती 45 मध्ये थांबत नव्हती, पट्ट्यासारखी पुढे 44 कडे गेली होती. कीड अशी दोन दातांतून सरळ रेषेत जात नाही.

इम्प्लांटसाठी हाडाची उंची, रुंदी, खालच्या नसेचं अंतर पाहायला सीबीसीटी उत्तम, आणि बाईंना तो त्यासाठीच सांगितला होता. पण केवळ कीड शोधायला तो काढू नये, असं सेडेंटेक्ससीटी या 2012 च्या युरोपीय मार्गदर्शिकेतही स्पष्ट आहे. धातूची कॅप, चांदीचं भरण किंवा रूट कॅनालचं सामान जवळ असेल तर त्याच्या शेजारच्या काळेपणावर विसंबून दात कोरणं मला मान्य नाही.

माझी चूक

26 चा पहिला एक्स-रे मी आरव्हीजीवर, म्हणजे तोंडात ठेवायच्या डिजिटल सेन्सरवर, काढला आणि हाताला सवय होती तसाच काढला: सेन्सर टाळूच्या बाजूने, बाईंच्या बोटाने धरलेला, यंत्राचं डोकं वरून खाली बरंच तिरकं. दवाखान्यांत रोज दहा वेळा निघतो तो आयओपीए, एक-दोन दात मुळांसकट दाखवणारा एक्स-रे. मुळांची टोकं छान दिसली, तिथे सूज-पू काही नव्हतं, ही माहिती कामाची होती. पण किरण वरून तिरके आल्याने दाढेचे गालाकडचे उंचवटे खाली सरकून पुढच्या कडेवर आले होते आणि आडवा कोनही चुकल्याने 25 ची मागची कड 26 वर चढली होती. कीड दिसेना. क्षणभर मीही म्हणाले, "बाई, एक्स-रेत तर काही दिसत नाही." एलईडीची सावली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असताना मी हे म्हणाले, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग बाइटविंगचा होल्डर काढला. तो कपाटाच्या वरच्या फडताळात होता, यावरून तो किती वापरात होता ते कळावं. आता तो खुर्चीशेजारच्या ट्रेमध्ये असतो.

बाइटविंगची कल्पना अमेरिकेतल्या हॉवर्ड रायली रेपर यांनी 1925 मध्ये मांडली, आणि शंभर वर्षांत तिचं तत्त्व बदललेलं नाही. सेन्सर किंवा फिल्म वरच्या आणि खालच्या दातांच्या मागे उभी राहते आणि रुग्ण एका पंखावर दात मिटून ती धरून ठेवतो. किरण जवळजवळ आडवे येतात, खालच्या दिशेने फार तर पाच ते दहा अंश. त्यामुळे वरच्या-खालच्या दातांचे माथे आणि मधल्या हाडाची कड एकाच चित्रात येते आणि मुळांची टोकं सुटतात. मुळं बघायची असतील तर ते चालणार नाही. दातांमधली कीड बघायला मुळं लागत नाहीत.

उभ्या कोनापेक्षा आडवा कोन जास्त छळतो. किरण दोन दातांच्या फटीतून सरळ जायला हवेत, पुढून-मागून जरा चुकले की फट मिटते. डावीकडचा माझा पहिला बाइटविंग मिटलेलाच आला. यंत्राचं डोकं थोडं पुढे आणून किरण पुढून मागे जातील असं धरलं आणि दुसरा काढला. या वेळी 25 आणि 26 च्या मध्ये केसाएवढी काळी फट उघडली. तो क्षण ज्याने अनुभवला आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल.

26 च्या पुढच्या कडेवर, टेकण्याच्या बिंदूच्या किंचित हिरडीकडे, एनॅमलमध्ये त्रिकोणी सावली होती. त्रिकोणाचं टोक आत. एनॅमल आणि त्याच्या आतला मऊ थर, डेंटिन, मिळतात त्या रेषेवर ती सावली दोन्ही बाजूंना पसरली होती आणि तिथून दुसरा त्रिकोण नसेच्या दिशेने डेंटिनच्या मधल्या तिसऱ्या भागापर्यंत गेला होता. आमच्या मोजणीत ही डी-2. समोरच्या 25 च्या मागच्या कडेवर एनॅमलच्या आतल्या निम्म्या भागापर्यंत गेलेली फिकट सावली, ई-2. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथे एकाला कीड लागली की शेजाऱ्याची चौकशी करायचीच. योगायोगाने 24 ची मान पहिल्या बाइटविंगमध्ये काळी होती आणि कोन बदलल्यावर दुसऱ्यात साफ आली. म्हणजे मिटलेला एक्स-रेही वाया गेला नाही.

उजवीकडे एकाच प्रयत्नात फटी उघडल्या. 14 स्वच्छ. 15 च्या पुढच्या कडेवर एनॅमलच्या बाहेरच्या निम्म्यात अगदी पुसट खूण. ती ओपीजीवरच्या रेघेच्या जागी नव्हती, वेगळी होती. 45 ची मागची कड काचेसारखी अखंड.

चार गोलांपैकी एकाही जागी भरण्यासारखं काही नव्हतं, आणि भरण्यासारखी जी एक कीड होती तिला गोल नव्हता.

बाइटविंगवर तरी किती विसंबायचं

बाइटविंग माझ्या मते या कामासाठी सर्वांत भरवशाचा एक्स-रे आहे. पण तो सगळं सांगतो असं मानलं तर पुन्हा तीच चूक होईल. दातातलं खनिज साधारण तीस-चाळीस टक्के कमी झाल्याशिवाय सावली नजरेला येत नाही. म्हणजे एक्स-रे नेहमी प्रत्यक्षाच्या मागे असतो. जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2021 च्या आढाव्यात सुरुवातीच्या किडीसाठी वेगवेगळ्या एक्स-रे पद्धतींचे 77 अभ्यास एकत्र तपासले होते. कीड असताना ती पकडण्याचं प्रमाण सरासरी 47 टक्के निघालं आणि निरोगी पृष्ठभागाला निरोगी म्हणण्याचं 88 टक्के. सुरुवातीच्या निम्म्याहून जास्त किडी सुटतात. मला यात भीतीचं कारण दिसत नाही, कारण सुटलेली सुरुवातीची कीड सहसा सावकाश चालते आणि पुढच्या तपासणीत सापडायला वेळ देते. चुकून निरोगी दात कोरला तर मात्र तो परत येत नाही.

आणखी एक गोष्ट कुठलाच एक्स-रे सांगत नाही: पृष्ठभाग फुटून खड्डा पडला आहे की नाही. भरायचं की थांबायचं हा निर्णय तर त्यावरच अवलंबून असतो. खड्डा नसेल तर ब्रश, फ्लॉस आणि फ्लोराइडने कीड थांबवता येते. खड्डा असेल तर आतली घाण कशानेही निघत नाही. एनॅमलपुरत्या सावलीत बहुधा खड्डा नसतो, डेंटिनमध्ये खोल गेलेल्या सावलीत बहुधा असतो, आणि या दोन्हींच्या मधे, डेंटिनच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात, काहीही असू शकतं. अशा वेळी मी दोन दातांत ऑर्थोची (दात सरळ करायच्या उपचारातली) रबराची रिंग दोन-तीन दिवस बसवते. दात किंचित सरकतात आणि फट उघडून पृष्ठभाग प्रत्यक्ष पाहता येतो.

दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावरच्या खाचांतल्या किडीबद्दल थोडक्यात: तिथे एक्स-रे फार उशिरा बोलतो, कारण वर एनॅमलचे जाड उंचवटे असतात. तिथे कोरडा दात आणि चांगला उजेड हेच पहिलं साधन.

फिल्म, फॉस्फर प्लेट की सेन्सर, हा प्रश्न सहकारी नेहमी विचारतात. दातांमधली कीड पकडण्यात तिघांमध्ये फारसा फरक नाही. फरक हाताळण्यात आहे. सेन्सर जाड आणि कडक, त्याची वायर आडवी येते, अनेकांना ओकारी येते, आणि त्याची कामाची जागा त्याच आकाराच्या फिल्मपेक्षा थोडी लहान असल्याने एखादी फट चित्राबाहेर राहते. पण चित्र लगेच दिसतं, म्हणून मिटलेली फट रुग्ण खुर्चीत असतानाच कळते. फॉस्फर प्लेट पातळ, मऊ, मुलांना सोसते, पण तिच्यावर ओरखडे पडतात आणि स्कॅन करण्याआधी उजेड लागला तर चित्र फिकट होतं. सेन्सरच्या चित्रावर संगणकात धार वाढवायचं बटण असतं. ते जास्त वापरलं की जुन्या भरणाच्या कडेला खोटी काळी रेघ उमटते आणि भरणाखाली पुन्हा कीड लागली असं वाटतं. मी आधी मूळ चित्र पाहते, मग बटण. आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या एक्स-रेच्या फोटोवरून कीड आहे किंवा नाही असं मी कधीच सांगत नाही. तो फोटो पडद्याचा काढलेला असतो, वर दाबून लहान झालेला, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. ई-2 त्यात टिकत नाही.

"इतके एक्स-रे झाले, काही होणार नाही ना?"

बाईंनी हे विचारलं, आणि ते विचारणं योग्यच होतं. माझ्या चुकीमुळे एक आयओपीए आणि एक बाइटविंग जास्तीचा झाला होता, तेही मी त्यांना सांगितलं.

एक्स-रेचा शोध रॉन्टगेन यांनी नोव्हेंबर 1895 मध्ये लावला आणि दोनच महिन्यांत जर्मनीत ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी त्यांना 25 मिनिटं किरणांसमोर राहावं लागलं. अमेरिकेत एडमंड केल्स यांनी सुरुवातीच्या काळात यंत्र जुळवायला वर्षानुवर्षं स्वतःचा हात किरणांत धरला आणि त्यात बोटं आणि पुढे हात गमावला. आजचा सेन्सर सेकंदाच्या अंशात चित्र घेतो. तोंडातल्या एका एक्स-रेचा परिणामकारक डोस काही मायक्रोसिव्हर्ट (किरणोत्सर्ग मोजायचं एकक), साधारण एक ते आठ. जगात सरासरी माणसाला निसर्गातून वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट, म्हणजे 2,400 मायक्रोसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. एक बाइटविंग म्हणजे नेहमीच्या एखाद्या दिवसाइतका किरणोत्सर्ग. ओपीजी त्याहून काही पट, आणि सीबीसीटी यंत्र आणि क्षेत्रानुसार काही दहा ते काही शे मायक्रोसिव्हर्ट. किरणांचा गोल झोत सेन्सरच्या आकाराएवढा चौकोनी केला की बाइटविंगचा डोस आणखी निम्म्याच्या आसपास उतरतो. यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदलेलं असावं लागतं, आणि रुग्णाने त्याची विचारणा केली तर आम्हा डॉक्टरांना राग येऊ नये.

बाईंना मी आकडे कागदावर लिहून दाखवले. त्यांनी शांतपणे वाचले आणि म्हणाल्या, "म्हणजे कमीत कमी डोसचा एक्स-रे सगळ्यात शेवटी काढला." बरोबर होतं. क्रम उलटा झाला होता. आधी बाइटविंग काढला असता तर 25-26 चं उत्तर पहिल्या दिवशीच मिळालं असतं.

दाढ उघडल्यावर

26 ला गार चाचणी दिली. सणक आली आणि लगेच गेली, म्हणजे नस जिवंत आणि सावरू शकणारी. भूल देऊन रबर डॅम, म्हणजे दात कोरडा ठेवणारा रबराचा पडदा, लावला. पुढच्या कडेवरचं एनॅमल थोडं उघडताच आत तपकिरी, ओलसर, चामड्यासारखं डेंटिन निघालं. एक्स-रेतली सावली मधल्या तिसऱ्या भागापर्यंत होती, प्रत्यक्षात कीड त्याच्याही पुढे, नसेच्या बरीच जवळ गेली होती. असं होणार हे गृहीतच धरायचं असतं. कडेच्या भिंती पूर्ण स्वच्छ केल्या, पण नसेवरचं शेवटचं मऊसर डेंटिन मुद्दाम ठेवलं. ते खरवडून नस उघडी पाडण्यापेक्षा ते पक्कं झाकून बंद केलं तर आतल्या जंतूंची रसद तुटते आणि कीड थांबते. त्यावर ग्लास आयनोमर या सिमेंटचा थर, वर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण). मधली फट घट्ट बसावी म्हणून दाताच्या आकाराची छोटी धातूची पट्टी आणि लाकडी पाचर वापरली. फट ढिली राहिली असती तर मेथीचे धागे पुन्हा अडकले असते आणि बाईंच्या दृष्टीने काहीच झालं नसतं.

26 उघडलेली असताना 25 ची मागची कड आरशात थेट समोर होती. बाइटविंगवर ई-2 दिसलेल्या जागी खडूसारखा पांढरा, मळकट डाग. बोथट साधन हलकेच फिरवलं, पृष्ठभाग खरखरीत पण अखंड. खड्डा नव्हता. एक्स-रेने जे सांगितलं नव्हतं ते शेजारच्या दाढेच्या खिडकीतून दिसलं. तिथे कोरलं नाही. रेझिन आत मुरवून डाग बंद करायची पद्धत त्यांना समजावली. खर्च ऐकून त्यांनी फ्लोराइड वार्निश निवडलं आणि मलाही ते पुरेसं वाटलं. 15 ला तर वार्निशशिवाय काहीच नाही.

दर मधल्या सुट्टीत दोनदा साखरेचा चहा आणि बिस्किटं हा बाईंचा नेम होता. साखर किती यापेक्षा किती वेळा, हे मी त्यांना मुलांना समजावतात तशा सोप्या शब्दांत सांगायला गेले, तर त्यांनीच फळ्यावर काढल्यासारखी आकृती काढून दाखवली: प्रत्येक चहानंतर तोंडातली आम्लता वाढते, लाळ ती सावरायला अर्धा-एक तास घेते, आणि तेवढ्यात दुसरा चहा येतो. चहा त्यांनी सोडला नाही, बिस्किटं सोडली. रात्री फ्लॉस सुरू केला.

ज्यांनी चार गोल केले होते त्या डॉक्टरांशी मी फोनवर बोलले. त्यांच्याकडे फक्त ओपीजी होता, बाइटविंग काढायची सोय नव्हती. मी चारही चित्रं त्यांना मूळ फाइलमध्ये पाठवली. ते तासाभराने परत बोलले, 24 ची सावली दुसऱ्या कोनात गायब झालेली बघून त्यांनी होल्डर कुठून घेतला ते विचारलं.

वर्षाने

अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2012 च्या शिफारशीत किडीचा धोका जास्त असलेल्या प्रौढांना 6 ते 18 महिन्यांनी आणि धोका नसलेल्यांना 24 ते 36 महिन्यांनी बाइटविंग सुचवला होता. बाईंसाठी मी 12 महिने धरले. तोच होल्डर, तोच सेन्सर, यंत्राचं डोकं मागच्या वेळी फट उघडली होती त्याच कोनात. कोन फाइलमध्ये लिहून ठेवला होता, कारण कोन बदलला तर सावली वाढली की नुसती वेगळी दिसते हे कळत नाही.

या वेळी डावीकडे एकच एक्स-रे लागला. 25 ची ई-2 जिथे होती तिथेच, तेवढीच. 15 ची पुसट खूण शोधावी लागत होती. 26 च्या भरणाखाली ठेवलेल्या डेंटिनची सावली पुढे सरकली नव्हती आणि गार चाचणीला दाढ नीट उत्तर देत होती. फट घट्ट, फ्लॉस टक्कन जाऊन अखंड आला. 36 च्या जागी आता इम्प्लांट होतं.

पुढच्या बाइटविंगची तारीख दीड वर्षानंतरची टाकली. 24 आणि 45 च्या नोंदीसमोर लाल पेनाने लिहून ठेवलं की ओपीजी आणि सीबीसीटीतल्या या सावल्या कीड नाहीत, दोन कोनांतून आणि प्रत्यक्ष तपासून खात्री केली आहे, पुढे कुणी पाहिलं तर हे दात कोरू नयेत. त्या पानाची एक प्रत बाईंनी स्वतःकडे मागून घेतली आणि ओपीजीच्या पाकिटात, फिल्मच्या पाठीशी ठेवली.